एका बादलीला एक झाकण

११ नोव्हेंबर, मंगळवार
टोलीवरून, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीवरून, तिसरा निरोप. "म्याडमले म्हणा, सरपंचाले पाहून जाय." सरपंच म्हणजे बचत गटाचा पैदाशीचा बोकड. नाव बायांनीच ठेवलं, कारण खातो भरपूर आणि काही सांगायला गेलं की शिंगं दाखवतो. तो शेवंताबाईच्या अंगणात बांधलेला असतो. गटातल्या शेळ्या तिच्याकडे आणाव्या लागतात, त्यामुळे टोलीत तिचा शब्द चालतो.
तक्रार: गेल्या हिवाळ्यातल्या पाठी, म्हणजे अजून न व्यालेल्या तरण्या शेळ्या, वर्षाच्या होत आल्या, एकही माजावर येत नाही. एव्हाना पोटात करडं असायला हवी होती. बोकडाच्या नुसत्या वासानेही पाठी माजावर येतात, तेव्हा खोट बोकडात, असं बायांचं ठरलं आहे. वासाचं काही अगदीच चूक नाही.
गेले. बोकड तपासला. ठणठणीत. मला धडक देऊन त्याने तसं दाखवूनही दिलं. मांडी काळीनिळी.
निघताना शे.बाई: "म्याडम, ह्या बाया याले नेतीन का व माह्यापासून? तू सांग न त्यायले." म्याडमही म्हणते आणि तूही म्हणते. साठीच्या पुढची आहे, चालतं.
सांगते म्हणाले. काय सांगू?
अहेरीच्या बदलीचा अर्ज अजून भरलेला नाही. नवरा तिकडे शाळेत मास्तर, मी इकडे गुरांच्या दवाखान्यात, शेळ्यांत. प्रशांतने आज फोनवर विचारलंही नाही. म्हणजे रागावलाय.

१४ नोव्हें.
चार घरं फिरले. वही केली: नंबर, रंग, जन्म, माज. एकूण एकोणीस पाठी. माजाचा रकाना कोरा.
जन्माच्या तारखा कोणाला सांगता येईनात. मग शे.बाईने सांगायला घेतलं आणि सगळं तिच्या नातीवरून. परी, येत्या आठवड्यात वर्षाची होईल. "चांदी परीच्या पाच दिवस आंधीची. ही काळी परीच्या बारशाची. ह्या दोघी ते पयल्यांदा हासली न, तवाच्या." मी तसंच लिहिलं. सरकारी वहीत असलं लिहिलं असतं तर साहेबांनी फाडून टाकलं असतं.
वाचून पाहिलं तर विचित्र वाटलं. जुन्या शेळ्यांची तक्रारच नाही. त्यांच्यातल्या दोन-तीन गाभण असाव्यात, हाताला लागतंय असं वाटतं. बाया म्हणतात, त्या रानात पलीकडच्या गावच्या बोकडाकडे गेल्या असतील. असतील बापड्या. पण अडकलंय ते फक्त याच एकोणिसांचं. एकाच हिवाळ्याचं.
काय वेगळं होतं त्या हिवाळ्यात?

१७ नोव्हें.
त्या हिवाळ्यातले नरही पाहिले. बहुतेक विकले गेलेत. तीन उरलेत, मंडईच्या, म्हणजे टोलीच्या वार्षिक जत्रेच्या, पाहुण्यांसाठी राखलेले. खच्ची केलेले नाहीत असं चारदा विचारून खात्री केली. चौथ्यांदा रंजू, शे.बाईची सून, हसायलाच लागली. "म्याडम, आमी कायले खोटं बोलू व?"
एकाची एकच गोटी खाली आहे. दुसऱ्या दोघांच्या बोराएवढ्या. या वयाला लिंबाएवढ्या हव्यात.
परतताना गाडी नाल्याजवळ बंद पडली. ऊन उतरायला लागलेलं, वाघीण याच बाजूला आहे. किक मारून मारून पाय गेला, आणि तेवढ्यातही डोक्यात बोरं आणि लिंबंच.

२० नोव्हें., गुरुवार
बाजाराचा दिवस. गुराखी सिंदेवाहीला बाजाराला जातो, म्हणून गुरुवारी शेळ्या रानात जात नाहीत. सगळ्या अंगणांत.
शे.बाईकडे पोचले तर धुणं चाललेलं. निळी बादली, पांढरट पाणी, रंजू फडक्याने शेळ्यांना गोचिडांचं औषध चोळतेय. मग डालं उचललं, खालचं, बाजारातून गाभण आणलेल्या शेळीचं आठ दिवसांचं करडू बाहेर काढलं आणि सरळ बादलीत बुचकळलं. मानेपर्यंत. परी पलीकडे बसून दुसऱ्या ओल्या करडाचा कान चोखतेय.
"दर गुरुवारी करता?"
"मंग! शेळ्या घरी त आजच रायते."
मी पंधरा दिवसांतून एकदा सांगितलं होतं. आणि करडं महिन्याची झाल्यावर, नुसत्या ओल्या फडक्याने पुसून. नक्की सांगितलं होतं का? आता आठवायला गेलं की मला हवं तसंच आठवतं.
"आणि औषध किती टाकता?"
रंजूने मोठी बाटली दाखवली. लिटरची. "एका बादलीले एक झाकण. तुमी चितर काढलं नाई का."

२१ नोव्हें.
लिहायलाच हवं.
दोन वर्षांपूर्वी गोचिडांनी करडं पटापट मरत होती. बायांना मिली कळत नाहीत, म्हणून मी झाकणाचं माप काढलं. समाजमंदिराच्या भिंतीवर स्वतः हिरव्या ऑइलपेंटने रंगवलं. एक बादली, एक झाकण, शेजारी हसणारी शेळी. शेळी इतकी छान जमली की बाकीच्या तीन टोल्यांनीही काढून मागितली. तेव्हा दवाखान्यातून छोट्या बाटल्या जायच्या. मग त्या संपल्या. बाया विचारायला आल्या तर मी म्हणाले, बाजारात मोठी मिळते, तेच औषध आहे, गट मिळून एक घ्या.
चित्र तेच राहिलं. झाकण बदललं.
आज दवाखान्यात दोन्ही झाकणं ठेवली आणि सिरिंजने पाणी भरलं. छोट्यात पाच मिली. मोठ्यात भरत गेले, भरत गेले. सव्वीस.
पाचपट. त्यात पंधरवड्याऐवजी आठवड्याला, म्हणजे दहापट. जन्मल्या आठवड्यापासून, सबंध हिवाळा. आणि आईच्या कासेला लागलेलं दुधाबरोबर पोटात गेलं असेल ते वेगळंच.
पुन्हा मोजलं. सव्वीसच.
त्या हिवाळ्यात एकही करडू मेलं नव्हतं. बायांनी माझी खण-नारळाने ओटी भरली होती. फोटो आहे. मी कशी फुगले आहे त्यात.

२४ नोव्हें.
तालुक्याला डॉक्टरसाहेबांकडे. पाठी, नर, सगळं सांगितलं. झाकणाचं सांगताना आवाज असा बारीक झाला की ते म्हणाले, "मोठ्याने बोला, पंखा चालू आहे."
त्यांचं म्हणणं: चारा कमी असेल. क्षार कमी असतील. बापही सरपंच आणि पुढेही सरपंचच, रक्त एकच, त्याचंही असेल. "औषधाचं असेलही. उंदरांची पिल्लं लहानपणी अशा औषधात राहिली की पुढे बिघाड होतो, असं वाचलंय. पण तुमच्या टोलीतल्या शेळीचं कोण छातीठोकपणे सांगणार?"
म्हणजे नाही असं नाही. हो असंही नाही.
क्षाराची पाकिटं दिली. धुणं ताबडतोब बंद करायला सांगितलं. उठताना म्हणाले, "आधी खात्री होऊ द्या. उगाच स्वतःवर ओढवून घेऊ नका." चांगलं बोलले ते, माझ्या भल्याचं. बसमध्ये मला हलकं वाटलं आणि मग त्या हलकं वाटण्याचा राग आला.

२५ नोव्हें.
चारही टोल्या. "नवीन सूचना आली आहे, धुणं बंद." कोणाची सूचना ते बोलले नाही. मोठ्या बाटल्या गोळा करून आणल्या. बाकीच्या तीन टोल्यांत मोठी बाटली आताच पावसाळ्यात पोचलेली, तिथली करडं अजून लहान आहेत. त्यांचं काय ते पुढच्या वर्षी कळेल.
वही घेऊन पुन्हा पुन्हा बसते. काही बदलत नाही तिच्यात.

२८ नोव्हें.
गटाची बैठक. मला मुद्दाम बोलावलं. अकरा बाया, एक विषय.
"तुया सरपंच खोटा हाय, शेवंताबाई. वरीस गेलं आमचं."
"तीन वरीस झाले, तवा नाई खोटा होता?"
"म्हातारा झाला आता. तू बी सोडून दे न हट्ट."
शे.बाई माझ्याकडे पाहत होती. सारखी. तिचा माझ्यावर केवढा भरवसा. मी म्हणाले, "बोकडात काही दोष दिसत नाही." एवढंच. एकीने विचारलं, "मंग दोष कशात हाय?" आणि मी, चार वर्षं या बायांना तोंड भरून भाषणं देणारी मी, म्हणाले, "तपास चालू आहे."
चालू आहे! झाकणं माझ्या पर्समध्ये होती. दोन्ही.
ठरलं: सरपंचाला काढायचा, नवीन बोकड दुसऱ्या बाईच्या अंगणात बांधायचा.

४ डिसेंबर, गुरुवार
शे.बाईने सरपंचाला स्वतः बाजारात नेऊन खाटकाला दिला. दुसऱ्या कोणाला दोरी धरू दिली नाही म्हणे. मी दवाखान्याच्या खिडकीतून दोघांना जाताना पाहिलं. तो मधेच थांबून कोणाच्या तरी कुंपणाचा पाला ओढत होता आणि ती त्याला पोटभर खाऊ देत होती, घाई करत नव्हती.
मी बाहेर गेले नाही. आत गोळ्यांची खोकी मोजली. दोनदा.

६ डिसें.
विहारात गेले. मेणबत्ती लावली. खोटं बोलणार नाही, हे सगळ्यांबरोबर म्हणताना माझे ओठ हलले, आवाज निघाला नाही. मी खोटं बोललेलेच नाही. नुसती बोलले नाही. ही असली वकिली मला जमते हे नव्याने कळतंय.
तिथल्या तिथे अर्ज आठवला. आल्या आल्या भरला आणि दिला. अहेरी. आता बदली होऊन जाईल आणि...
"आणि" लिहून पाच मिनिटं बसले आहे.

१४ डिसें., रविवार
टोलीची मंडई. प्रशांत अहेरीहून आला, दोघं गेलो. दुकानं, पाळणा, घरोघर पाहुणे. शे.बाईकडेही जेवायला बोलावणं, मला वाटलं नव्हतं. तिने वाढलं. सरपंच ज्या खुंट्याला असायचा त्याला आता सायकल टेकवलेली. परी चालायला लागलीय, त्या सायकलपर्यंत जाते आणि धपकन बसते.
परतताना प्रशांतला सगळं सांगितलं.  तो म्हणाला, "सिद्ध काही झालं नाही न? मंग काऊन गळ्यात बांधून घेऊन राह्यली? बदली होईलच."
"बोकड गेला न त्याच्यात."
"बोकड कधी ना कधी जातच होता."
खरंय. मी उगीचच त्याच्या गाडी चालवण्यावरून भांडले. खड्डा त्याने चुकवला होता, तरीही.

२२ डिसें.
समाजमंदिराची भिंत पुसायला गेले. ऑइलपेंट. घासून जाईना. शेवटी चुन्याचे दोन हात दिले. बादली गेली, झाकण गेलं. शेळीचं हसू अजून चुन्याखालून दिसतं. दोन मुली विचारत होत्या, बाई, चितर काऊन मिटवून राह्यल्या? म्हटलं, जुनं झालं.
पुन्हा तेच.

६ जानेवारी
शे.बाईची म्हातारी शेळी व्याली. बोलावलं म्हणून गेले. दोन करडं. दोघांचेही पुढचे पाय गुडघ्यापर्यंत पांढरे आणि डावा कान दुमडलेला. सरपंचाचाच कान. तिन्ही वर्षं त्याच्या पोरांत हा कान येतो, टोलीतलं शेंबडं पोरही ओळखेल.
शे.बाईने करडू उचललं, कान सरळ केला, सोडला, परत दुमडला. ओरडली नाही, कोणाला दाखवायलाही धावली नाही. मला म्हणाली, "पाय बरं म्याडम. खोटा म्हनत होत्या त्याले."
मी नाळेला आयोडीन लावत होते. त्याच नाळेला दुसऱ्यांदा लावलं, तिच्या लक्षात आलं.
आणखी नाही ताणवत. बैठक गुरुवारी आहे.

८ जाने., गुरुवार
सांगितलं.
दोन्ही झाकणं सतरंजीवर ठेवली. तांब्यातून पाणी ओतून दाखवलं, छोटं भरलं, मग मोठं भरलं. म्हटलं, माप मी दिलं होतं, मोठी बाटली घ्यायला मीच सांगितलं होतं, आणि झाकण पाहिलं नाही. पाठी यामुळे अडल्या असतील, किंवा नसतीलही, डॉक्टरही ठाम सांगू शकत नाहीत. पण सरपंचाचा दोष नव्हता. हे मला नोव्हेंबरात माहीत होतं.
वाटलं होतं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. एक म्हणाली, "पर करडं त वाचले न त्या वक्ती." दुसरी म्हणाली, "आमाले बी समजाले पायजे होतं, झाकन मोठं हाय मनून." त्या मला समजून घेत होत्या आणि मला ते सहन होत नव्हतं.
 शे.बाई मोठं झाकण हातात घेऊन बसली होती. बैठक संपली तेव्हा मला ते परत न देता निघून गेली.

१२ जाने.
डॉक्टरांना लेखी कळवलं. एकोणीस पाठी, मंडईआधी पाहिलेले तीन नर, मापासकट, माझ्या सहीने. नमुने घ्यायला माणूस येईल म्हणाले. "लिहिलंत ते बरं केलंत," असंही म्हणाले. दीड महिन्यापूर्वी हेच गृहस्थ... जाऊ दे. ऐकलं मी, कारण मला तेच ऐकायचं होतं.
नवीन बोकड आलाय. सात नंबरची पाठ दोन दिवस त्याच्याकडे पाहून शेपटी हलवते असं रंजूचं म्हणणं. मी जाऊन तासभर उभी राहिले. माशा होत्या, माशांसाठीही शेपटी हलते. रकान्यात प्रश्नचिन्ह.

१५ जाने., गुरुवार
बदलीचा आदेश आला. अहेरी. पंधरा दिवसांत हजर व्हायचं. प्रशांतला फोन केला, तो इतका खूश झाला की मलाही झालं पाहिजे असं वाटलं, आणि झालेही थोडी. खरंच झाले.
दुपारी शे.बाई दवाखान्यात. बाजाराला न जाता आलेली. कडेवर परी. आठ दिवसांनी पहिल्यांदाच समोर. मी खुर्ची दिली, ती खालीच बसली. पदराच्या गाठीतून ते झाकण काढलं आणि टेबलावर ठेवलं.
"म्याडम, ते निळी बादली हाय न."
"हो."
"आमच्या घरी एकच बादली हाय."
मला कळलं नाही. मग कळलं.
"सून बाळंतीन होती, धुनं माह्याच हाती होतं. शेळ्या धुतल्या का बादली खंगाळाची, अन् त्याच्यातच इचं पानी गरम करून ओताचं. सबंध हिवाळा. कवा खंगाळली, कवा घाईत नाई बी खंगाळली. ह्या करडायसंगच लोळली हे. तू पाह्यलं न."
पाहिलं आहे. कान चोखताना पाहिलं आहे. मी त्या दिवशी वहीत करडू लिहिलं, बादली लिहिली, आणि ती समोर बसलेली असून...
म्हणाले, ताई, माणसाचं तसंच होतं असं नाही. पाणी किती, औषध किती उरलं असेल. आपण बालरोगतज्ज्ञांकडे जाऊ, चंद्रपूरला, मी येते सोबत. खूप बोलले. ती ऐकत होती, भिंतीकडे पाहत.
"जनावराचं वरीसभरात समजते," ती म्हणाली. "इचं कवा समजन?"
खोटं बोलायचं नव्हतं. "बारा-तेरा वर्षं लागतील."
तिने बोटांवर काही मोजलं. तिचं स्वतःचं वय असावं. मग परीला खाली सोडलं. ती टेबलाचा पाय धरून उभी राहिली आणि झाकणाकडे हात करायला लागली. मी ते उचलून खणात टाकलं, तर रडली.
"मंग ते तुही वही काढ," शे.बाई म्हणाली. "इचंबी नाव लिव त्याच्यात. मी राहीन का नाई तवापर्यंत. तू पाहत राय."
आदेश वहीखालीच होता. सरकारी पाकीट, तिला वाचता येत नाही. मी हो म्हणाले नाही. नाही असंही तोंडातून निघालं नाही.
वही उघडली. जन्माच्या रकान्यात परी आधीपासूनच होती, वरपासून खालपर्यंत. परीच्या आधी, परीच्या बारशाला, परीच्या पहिल्या हसण्याच्या वेळी. खाली रेघ ओढली, वीस नंबर घातला, नाव लिहिलं. रंगाचा रकाना सोडून दिला. शेवटच्या रकान्यावर "माज" लिहिलेलं होतं, ते खोडलं. त्याजागी काय लिहायचं ते सुचेना.
शे.बाई म्हणाली, "राहू दे कोरं."
परीला उचलून ती गेली. आदेशाच्या पोचपावतीवर सही करायची आहे. उद्यापर्यंत मुदत.